मालपिल्ल: जातीचं नाव थेट पोस्टरवर लिहिणारा १९३८ चा तेलुगू सिनेमा

पिक्चरच्या नावापासूनच सुरू करते, कारण अर्धी गोष्ट नावातच आहे. मालपिल्ल. मराठी कानाला पिल्ल म्हटलं की मांजराचं पिल्लू आठवतं, पण तेलुगूत पिल्ल म्हणजे पोरगी, सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचं लहानपण गेलंय त्यांच्या कानावरून हा शब्द नक्की गेलेला असणार. आणि माल ही आंध्र-तेलंगणातली एक मोठी दलित जात. तिकडे दलितांमधे माल आणि मादिगा या दोन मोठ्या जाती, आपल्याकडे महार आणि मांग म्हणतो साधारण तशी जोडी (तंतोतंत जुळत नाही, पण समजायला चालेल). म्हणजे नावाचा सरळ अर्थ मालाची पोरगी. आता विचार करा, २५ सप्टेंबर १९३८ ला हा सिनेमा लागला तेव्हा भिंतीवर, जाहिरातीत, तिकिटाच्या खिडकीवर हेच नाव, काल कुठला पिक्चर बघितला असं कोणी विचारलं तरी उत्तर देताना हेच नाव घ्यावं लागणार, आणि ते ज्या जातीचं नाव होतं तिची वस्ती गावाबाहेर, तिचा स्पर्श नको, सावली नको. भक्ती, त्याग, प्रेम असलं कुठलंही गोड नाव देता आलं असतं. दिलं नाही. मला या सिनेमातलं पहिलं धाडस तेच वाटतं.

हे धाडस किती मोठं होतं ते कळायला तेव्हाचा तेलुगू सिनेमा काय होता ते बघायला लागेल. पहिला तेलुगू बोलपट भक्त प्रह्लाद, १९३२ चा. त्यानंतरची पाचसहा वर्षं बहुतेक सगळं पौराणिक, देव, राक्षस, पतिव्रता, कारण या गोष्टी लोकांना नाटकातून पाठ होत्या, पद्यं तयार होती, नट तयार होते, पैसे बुडायची भीती कमी. आणि हे पिक्चर हैदराबादला बनत नव्हते बरं का, तेव्हा आंध्र नावाचं राज्यच नव्हतं, किनाऱ्याकडचे तेलुगू जिल्हे मद्रास प्रांतात होते आणि तेलुगू सिनेमाचं घर मद्रासच होतं. पैसा मात्र बराचसा यायचा कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यातून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी गोदावरीवर धवळेश्वरमला आणि कृष्णेवर बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, बंधारे बांधले, कालवे काढले आणि तिथली जमीन भाताचं कोठार झाली. कम्मा, रेड्डी, कापू या शेतकरी जातींकडे पैसा आला, मग शाळा, वर्तमानपत्रं, राजकारण, आणि पुढे सिनेमा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

त्या भाताच्या चिखलात वाकून लावणी कोण करायचं? माल आणि मादिगा. जमीन त्यांची नव्हतीच जवळपास.

आता काळ. १९३२ च्या सप्टेंबरमधे पुणे करार झाला, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचं उपोषण, समोर डॉ. आंबेडकर, हा सगळा इतिहास आपल्याला शाळेपासून माहितीये. त्यानंतर गांधीजींनी अस्पृश्यतेच्या विरोधात देशभर दौरा काढला आणि १९३३ च्या शेवटी ते आंध्रातही फिरले. १९३६ च्या नोव्हेंबरमधे त्रावणकोरच्या महाराजांनी मंदिरं सगळ्या हिंदूंना उघडी केली. १९३७ ला मद्रास प्रांतात राजाजींचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. म्हणजे मालपिल्ल आला तेव्हा मंदिरप्रवेश हा रोजच्या पेपरातला विषय होता, मदुराईचं मीनाक्षी मंदिर उघडलं ते तर त्याच्या नंतर, जुलै १९३९ मधे. पण अजून एक धागा आहे जो या विषयावर बोलताना हमखास सुटतो. आंध्रातले दलित काही गांधीजी येईपर्यंत हात जोडून बसलेले नव्हते. १९१७ मधे बेझवाड्याला त्यांची परिषद भरली, हैदराबादचे भाग्यरेड्डी वर्मा अध्यक्ष होते, आणि तिथे पंचम (चार वर्णांच्या बाहेरचे, पाचवे) हे नाव टाकून आदि-आंध्र हे नाव घेतलं, म्हणजे या मातीतले मूळचे आम्ही. सिनेमाच्या २१ वर्षं आधीची ही गोष्ट.

सिनेमा काढला गूडवल्लि रामब्रह्मम यांनी. हा माणूस आधी पत्रकार, मद्रासमधून प्रजामित्र नावाचं साप्ताहिक चालवायचा, ब्राह्मणेतर चळवळीत वाढलेला. सारथी फिल्म्स ही कंपनी, तिच्यामागे पैसा चल्लपल्लीच्या जमीनदारांचा. कथा गुडिपाटि वेंकटचलम यांची, तेलुगू लोक त्यांना नुसतं चलम म्हणतात. जन्म ब्राह्मण घरातला पण बाईच्या स्वातंत्र्याबद्दल इतकं उघड लिहायचे की त्यांच्याच समाजाने त्यांना जवळजवळ वाळीत टाकलेलं. संवाद तापी धर्माराव यांचे. काही गाणी बसवराजु अप्पाराव यांची, ते १९३३ लाच वारले होते, त्यांच्या कविता घेतल्या, त्यात गांधीजींच्या आखूड पंचावरचं ते प्रसिद्ध गाणंही आहे. हिरोईन कांचनमाला, तेव्हाची सगळ्यात मोठी स्टार.

स्टोरी थोडक्यात अशी. कल्याणपुरम नावाचं गाव. तिथे सुंदरराम शास्त्री नावाचे कडक सोवळे ब्राह्मण देवळाचे विश्वस्त (हे काम गोविंदराजुल सुब्बाराव या नटाने केलंय). दलितांना देवळात घ्यायचं नाही यावर ते ठाम. समोर चौधरय्या नावाचा गांधीवादी पुढारी, तो दलितांना सांगतो शिका, दारू सोडा, आणि हक्कासाठी उभे रहा. शास्त्रींचा मुलगा नागराजू आणि मालवाड्यातली संपालता यांचं प्रेम जमतं. गावात राहणं शक्य नाही म्हणून दोघं कलकत्त्याला जातात, बरोबर तिची बहीण अनसूया. इकडे गावात भांडण पेटतं. शेवटी शास्त्रींच्या घराला आग लागते, बायको आत अडकते, एक दलित माणूस जिवावर उदार होऊन तिला बाहेर काढतो, शास्त्रींचे डोळे उघडतात, देऊळ सगळ्यांना उघडतं आणि मुलगा-सून परत येतात.

बहुतेक ठिकाणी या सिनेमाबद्दल लिहितात ते या लव्हस्टोरीवर अडकतं, ब्राह्मण मुलगा आणि दलित मुलगी वगैरे. माझं म्हणणं असंय की यातला खरा जोर लव्हस्टोरीत नाहीच, तो आहे पाण्यात. गावातले सोवळे लोक चिडतात तेव्हा काय करतात, तर दलितांना तळ्याचं पाणी बंद करतात. आणि दलित काय करतात? गयावया करत नाहीत, ते शेतावर जायचं बंद करतात. संप. तुमचं पाणी आम्हाला नाही, तर आमचे हात तुम्हाला नाहीत. भाताच्या खोऱ्यातल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती, लावणी किंवा कापणी आठवडाभर थांबली की काय होतं ते त्याला पोटातून माहिती होतं. जात म्हणजे नुसता मनातला विटाळ नाही, ती मजुरीवर उभी आहे, एकाच्या फुकटच्या किंवा स्वस्तातल्या कष्टावर दुसऱ्याचं सोवळं चालतं, ही गोष्ट पडद्यावर इतक्या सरळ दाखवलेली त्याच्या आधीच्या भारतीय सिनेमात मला तरी सापडत नाही. आणि आपल्याला तर पाण्याची गोष्ट वेगळी सांगायलाच नको, २० मार्च १९२७, महाड, चवदार तळं. तिथे ओंजळभर पाणी प्यायल्यावर काय झालं, लोकांना कसं झोडपलं आणि तळं कसं शुद्ध करून घेतलं, हे ज्याला माहितीये त्याला कल्याणपुरमचं तळं लगेच ओळखू येईल.

दुसरी गोष्ट भाषेची. यावर जरा थांबते कारण बाहेरच्यांच्या हे लक्षात येत नाही. तेव्हा लिहायची तेलुगू एक आणि बोलायची एक, फरक प्रचंड. ग्रांथिक म्हणजे पोथीतली, संस्कृतने भरलेली, आणि व्यावहारिक म्हणजे लोक खरंच बोलतात ती. गिडुगु राममूर्ती नावाचे शिक्षक आयुष्यभर भांडले की शाळेत, पुस्तकात बोलती तेलुगू आली पाहिजे. पौराणिक सिनेमात राजा-राणी ग्रांथिकच बोलायचे, चालूनही जायचं. पण मालवाड्यातली पोरगी पोथीसारखं बोलली तर कोण खरं मानेल? तापी धर्मारावांनी संवाद बोलीत लिहिले. पडद्यावर आपल्यासारखं बोलणारी माणसं ऐकू आली. पोथीची भाषा शिकायला ज्यांना शाळेची दारंच बंद होती त्यांच्या गोष्टीला ती भाषा वापरणं म्हणजे परत त्यांना बाहेर ठेवणंच झालं असतं ना.

आता आपल्याकडच्या आणि मुंबईच्या सिनेमाशी ताडून बघू. प्रभातचा धर्मात्मा, १९३५, शांतारामबापूंचं दिग्दर्शन, एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. मूळ नाव होतं महात्मा, सेन्सॉरला ते खटकलं म्हणून बदलावं लागलं. त्यात एकनाथ महाराच्या घरी जेवायला जातात, त्या काळात ही खूप मोठी गोष्ट होती आणि मी तिचं मोल जराही कमी करत नाही. पण तिथे करणारे एकनाथ आहेत, संत आहेत, चारेकशे वर्षांपूर्वीचे. बॉम्बे टॉकीजचा अछूत कन्या, १९३६, देविका राणी आणि अशोककुमार, त्याची गोष्ट संतांच्या काळातली नाही, तेव्हाच्या चालू काळातली, पण त्यात दलित मुलगी आणि ब्राह्मण मुलगा एकत्र येत नाहीत, शेवटी ती रेल्वेखाली मरते आणि आपण डोळे पुसत बाहेर पडतो. मालपिल्लमधे ती मरत नाही. ती कलकत्त्याला जाते, तिथे शहरातलं नवं आयुष्य जगते आणि सून म्हणून गावात परत येते. हे फार महत्त्वाचं आहे. जातीच्या प्रेमकथेत मुलगी मेली की प्रेक्षकाला दुःख होतं पण त्याचं घर जसंच्या तसं राहतं, ती जिवंत राहिली तर तिला कुठल्या दारातून आत घ्यायचं हा प्रश्न त्याच्याच दारात येऊन उभा राहतो.

इतकं कौतुक केल्यावर जे मनाला टोचतं तेही बोललंच पाहिजे, नाहीतर समजावून सांगण्यात अर्थ नाही. ती आग.

संप चाललाय, पाणी बंद आहे, प्रश्न अगदी ऐन ठिकाणी येऊन ठेपलाय, आणि मग सिनेमा तो संपाने सोडवत नाही, आगीने सोडवतो. ज्या माणसाला तळ्यावर उभं राहू देत नव्हते तो जळत्या घरात शिरतो, ज्यांनी पाणी तोडलं त्यांच्याच घरच्या बाईला उचलून बाहेर आणतो, आणि तेव्हा कुठे शास्त्रींना कळतं की अरे, ही पण माणसं आहेत. म्हणजे देवळाच्या दारातून आत जायला आधी आगीतून जाऊन दाखवायचं? आणि त्या दिवशी आग लागलीच नसती तर? किंवा तो माणूस घाबरून बाहेरच उभा राहिला असता, जसं गावातले इतर सगळे उभे होते, तर त्याचा हक्क कमी झाला असता का? हा प्रश्न मी मुद्दाम विचारतेय कारण ही युक्ती पुढे कितीतरी हिंदी, मराठी, तेलुगू पिक्चरमधे आलीये, दलित माणूस रक्त देतो, जीव वाचवतो, मग मोठ्या घरचा माणूस विरघळतो. निर्णय कायम मोठ्या घरच्याच्या हातात. डॉ. आंबेडकरांनी १९३३ च्या फेब्रुवारीतच, मंदिरप्रवेशाच्या बिलावर बोलताना, स्पष्ट सांगितलं होतं की देवळं उघडायची की नाही हा तुमचा विचार, मी त्यासाठी आंदोलन करणार नाही, आम्हाला शिक्षण, नोकरी, वर यायची संधी पाहिजे आणि जातच नको. त्यांच्यामागे काळाराम मंदिराचा अनुभव होता, १९३० पासून पाचेक वर्षं नाशिकला सत्याग्रह करून दार उघडलं नव्हतं. मालपिल्ल या वादात गांधीजींच्या बाजूचा सिनेमा आहे, हे समजून बघितला तर त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही नीट दिसतात. आपलंच बघा ना, पडद्यावरचं कल्याणपुरम १९३८ ला उघडलं, पंढरपूरला विठोबाचं दार उघडायला १९४७ मधे साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं.

अजून एक मर्यादा, ही जरा नाजूक आहे. सिनेमात सगळा दोष जातो अग्रहाराकडे, म्हणजे ब्राह्मण वस्तीकडे, आणि चांगुलपणाचा पुढारी आहे चौधरय्या, ज्याचं नावच शेतकरी जातीचं वाटतं. मगाशी लक्षात ठेवायला सांगितलं ते इथे लागतं. खोऱ्यातली जमीन काही सगळी ब्राह्मणांच्या ताब्यात नव्हती, ती मोठ्या प्रमाणावर कम्मा, रेड्डी शेतकऱ्यांकडे होती किंवा येत चालली होती, दलित मजूर राबत होते ते त्यांच्याच शेतात. संप झाला तर तो त्यांच्याही विरोधात झाला असता. पण ब्राह्मणेतर चळवळीतून आलेल्या दिग्दर्शकाचा कॅमेरा त्या बाजूला वळत नाही. कथा, संवाद, दिग्दर्शन, पैसा, यातल्या मोठ्या नावांत एकही माल किंवा मादिगा घरातलं नाही, मग त्या बाजूने बघणार कोण? आणि पूर्ण सिनेमाभर शब्द आहे हरिजन, जो आज दलित समाज नाकारतो. तेव्हा तो आदराचा म्हणून वापरला गेला, हे खरं, पण तोही दुसऱ्यांनीच दिलेला.

रामब्रह्ममना जमिनीचा प्रश्न दिसत नव्हता असं मात्र नाही. पुढच्याच वर्षी, १९३९ ला, त्यांनी रैतुबिड्ड काढला, म्हणजे शेतकऱ्याचं लेकरू, जमीनदारीच्या थेट विरोधात, आणि निर्मितीला जमीनदाराचाच पैसा. वेंकटगिरी, बोब्बिली इथले जमीनदार भडकले, सिनेमावर बंदी आली. यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ब्राह्मण शास्त्र्याला बदलताना दाखवलं तेव्हा विरोध झाला तरी सिनेमा चालला, जोरात चालला. जमिनीच्या मालकाला बोट लावलं तेव्हा सिनेमाच बंद पडला. रामब्रह्मम १९४६ ला गेले, वय जेमतेम ४४.

त्यांच्यानंतर तेलुगू सिनेमाने जातीचा विषय सोडला असं नाही पण तो मवाळ झाला. १९४७ चा योगी वेमना आला, वेमना म्हणजे तिकडचे संतकवी, जातीवर आसूड ओढणारे. आणि एक आपल्याशी नातं असलेला पिक्चर आहे, १९५९ चा जयभेरी, नायक अक्किनेनी नागेश्वरराव. ब्राह्मण घरातला गायक, खालच्या मानलेल्या जातीतल्या कलावंत मुलीच्या प्रेमात पडतो आणि त्याला समाज बाहेर टाकतो. ओळखीचं वाटलं? हा आपला लोकशाहीर राम जोशी, १९४७ च्या मराठी सिनेमावरून घेतलेला. सोलापूरचे शाहीर राम जोशी असे तेलुगूत जाऊन पोचले. सुंदर गाणी आहेत, पण तळं नाही आणि संपही नाही.

तळं परत आलं ते खऱ्या गावात. १६ जुलै १९८५, कारमचेडु, चिराळ्याजवळ. मादिगा वस्तीच्या पिण्याच्या तळ्यावर जमीनदार घरातला एक तरुण म्हशीच्या खाण्याची बादली धुवायला आला, ते पाणी आम्ही पितो म्हणून वस्तीतल्यांनी हटकलं, दुसऱ्या दिवशी हल्ला झाला आणि सहा जणांना मारलं. हल्लेखोर अग्रहारातले नव्हते, सिनेमाने ज्यांच्याकडे कॅमेरा वळवला नव्हता त्या शेतमालक जातीतले, कम्मा होते. यातूनच पुढे आंध्रातली दलित महासभा उभी राहिली, पुढारी दलितच, बाहेरून आलेला चौधरय्या नाही.

आणि सहा वर्षांनी चुंडूर, तेव्हाचा गुंटूर जिल्हा. तिथलं भांडण सुरू झालं ते सिनेमाच्या थेटरात. जुलै १९९१, पिक्चर चालू होता, एका शिकलेल्या दलित मुलाचा पाय चुकून वरच्या जातीतल्या एका मुलाला लागला. आधी बाचाबाची, मग गावाने दलितांना मजुरी बंद केली, बहिष्कार टाकला, आणि ६ ऑगस्टला आठ दलितांना पळवून पळवून मारलं, प्रेतं पोत्यात भरून कालव्यात टाकली. खटला गावातच खास कोर्ट उभारून चालला, २००७ मधे २१ जणांना जन्मठेप झाली आणि २०१४ मधे हायकोर्टात सगळे सुटले. मालपिल्ल लागला होता त्याला तेव्हा जवळपास ५३ वर्षं झाली होती जेव्हा त्या थेटरच्या अंधारात, एकच पिक्चर बघत बसलेल्या दोन पोरांमधे तो पाय लागला.